एक गाव, एक दिवस, दोन झेंडे

(मालेगाव इथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि बहिणींनो, मी भाषणं करणारा माणूस नाही. शाळेत पोरांना पी.टी. शिकवण्यात आणि शिट्टी वाजवण्यात माझी २७ वर्षं गेली. त्याआधी काही वर्षं लाल मातीत गेली. तुम्ही मला ‘खेळाडू आणि देश’ या विषयावर बोलायला सांगितलंत. हा विषय आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या अंगावर कधी ना कधी येतो. क्रिकेटची मॅच असली की कोणीतरी हसत हसत विचारतं, ‘काय, आज कोणाकडून?’ विचारणाऱ्याला गंमत वाटते. ज्याला विचारलं जातं त्याच्या घशात मात्र घास अडकतो.

आज मी क्रिकेटवर बोलणार नाही, कुस्तीवर बोलणार आहे. कुस्तीत मला थोडंफार कळतं. आणि देश बदलणारे बरेच खेळाडू कुस्तीत सापडतात.

२० ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिम्पिक, फ्रीस्टाइल कुस्ती, ६६ किलो गट. हा दिवस तुमच्यापैकी काहींना पाठ असेल, कारण त्या दिवशी सुशील कुमारने कांस्यपदक घेतलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्य घेऊन आले होते. त्यानंतर तब्बल ५६ वर्षांनी भारताला कुस्तीत पदक मिळालं. (सुशीलवरचा पुढचा खटला कोर्टात आहे. मी आज फक्त मॅटवरच्या सुशीलबद्दल बोलतोय.)

पण त्या गटात सोनं कोणी घेतलं? हा प्रश्न मी शाळेत दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी वर्गात शांतता पसरते. सुशील पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या आंद्री स्टाडनिककडून हरला होता. स्टाडनिक फायनलला गेला, म्हणून नियमाप्रमाणे सुशीलला रेपेचाजमधून पुन्हा संधी मिळाली आणि तिथून त्याने पदक खेचून आणलं. त्या स्टाडनिकला फायनलमध्ये हरवणाऱ्या पैलवानाचं नाव रमजान शाहीन. तुर्कस्तानचा पैलवान. त्या ऑलिम्पिकमधलं तुर्कस्तानचं ते एकमेव सुवर्ण.

हा रमजान तुर्कस्तानात जन्मलेला नव्हता. त्याचा जन्म १९८३ चा, रशियातल्या दागेस्तानमधल्या खासाव्यूर्त नावाच्या गावातला. जन्माचं आडनाव इर्बायखानोव, घराणं चेचेन. पुढे तो तुर्कस्तानचा नागरिक झाला आणि कागदावर रमजान शाहीन झाला. शाहीन म्हणजे ससाणा. उर्दू शिकलेल्यांना हा शब्द नवा नाही. २००७ मध्ये बाकू इथे तो तुर्कस्तानकडून जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक विजेता.

आता खासाव्यूर्तबद्दल थोडं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

हे गाव चेचन्याच्या सीमेला लागून आहे. लोकवस्ती मालेगावच्या निम्म्याहूनही कमी. चेचेन, अवार, कुमिक असे अनेक समाज तिथे शेजारी शेजारी राहतात, बहुतेक सगळे मुसलमान. आणि गावाला वेड कुस्तीचं. २००८ च्या त्या ऑलिम्पिकमध्ये १९ ऑगस्टला ६० किलोचं सोनं माव्हलेट बातिरोवने घेतलं. तो खासाव्यूर्तचा, लढला रशियाकडून. दुसऱ्या दिवशी ६६ किलोचं सोनं रमजानने घेतलं. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये ७४ किलोचं सोनं बुवायसार सैतिएवने घेतलं. तोही खासाव्यूर्तचा, तोही चेचेन, पण लढला रशियाकडून. बुवायसारचं ते तिसरं ऑलिम्पिक सुवर्ण. शिवाय सहा जागतिक विजेतेपदं. फ्रीस्टाइलमधल्या सर्वकाळच्या श्रेष्ठ पैलवानांत त्याचं नाव घेतलं जातं. २०२५ मध्ये तो वारला.

नीट बघा. एक गाव, एक समाज, एक दिवस, दोन सुवर्णपदकं. एकासाठी रशियाचं राष्ट्रगीत वाजलं, दुसऱ्यासाठी तुर्कस्तानचं. मग यात वफादार कोण आणि गद्दार कोण?

उत्तर द्यायची घाई करू नका. बुवायसारने पहिलं सोनं घेतलं १९९६ मध्ये, अटलांटाला, रशियाकडून. त्या वेळी रशियाचं सैन्य चेचन्यात लढत होतं. ते पहिलं युद्ध थांबवणारा करार ३१ ऑगस्ट १९९६ ला झाला, आणि तो झाला याच खासाव्यूर्त गावात. म्हणजे ज्या समाजावर रणगाडे चालून गेले होते, त्या समाजाचा पोरगा त्याच देशाच्या झेंड्याखाली उभा राहिला. काही लोक याला लाचारी म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्याने देश म्हणजे सरकार असं मानलं नसेल. त्याची तालीम, त्याचे वस्ताद, त्याची टीम तिथेच होती.

रमजान गेला, तर त्यालाही मी दोष देणार नाही. याचं पहिलं कारण कुस्तीच्या नियमातच आहे. ऑलिम्पिकमध्ये आणि जागतिक स्पर्धेत एका देशाचा एका वजनगटात एकच पैलवान उतरतो. दागेस्तानात एकेका वजनात जगाच्या तोडीचे पाच-सहा मल्ल एकाच वेळी असतात. त्यातला एक जातो, बाकीचे टीव्हीसमोर बसतात. पैलवानाचं आयुष्य असतं किती? फार तर दहा-बारा वर्षं. रांगेत तिसरा असणं म्हणजे काहीच नसणं.

हे आपल्याकडेही पाहिलंय. मुंबईत वाढलेला नरसिंग यादव तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य घेतलं आणि भारतासाठी ७४ किलोची ऑलिम्पिकची जागा आणली. सुशीलही तोवर त्याच वजनात आला होता. जागा एक, पैलवान दोन. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. तिथे नरसिंग जिंकला, पण पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली आणि रिओला मॅटवर उतरायला मिळालंच नाही. शेकडो कोटींच्या देशात एका वजनाची जागा किती अरुंद असते, ते यावरून कळतं.

दुसरं कारण इतिहासातलं. १८६० च्या दशकात रशियाने कॉकेशस जिंकला, तेव्हा लाखो मुसलमान तिथून उस्मानी तुर्कांच्या मुलखात गेले. त्यांची वंशावळ आजही तुर्कस्तानात आहे. त्यामुळे कॉकेशसच्या पोराला तुर्कस्तान अगदी परकं वाटत नाही. तिथे पैलवानाला म्हणतात पेहलिवान. शब्दसुद्धा तोच. आपली ‘कुस्ती’ही फारसीतूनच आलेली.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. लहान आहे, पण याच धाग्यातली आहे.

मी १७ वर्षांचा होतो. अब्बा यंत्रमागावर दोन पाळ्या करायचे, म्हणून मला रोज पाव लिटर दूध मिळायचं. आमच्या तालमीत माझ्याच वजनाचा एक दोस्त होता. आम्ही दोघं एकाच हौदात वाढलो, एकाच वस्तादांचे पट्टे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत सलग दोन वर्षं तो जिंकला आणि मी हरलो. दोन्ही वेळा निकाल खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी उमर निघून चालली होती. धुळ्याला माझे मामू होते, इथून ५० किलोमीटर. मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तिथल्या कॉलेजात नाव घातलं आणि धुळे जिल्ह्याकडून खेळलो.

दोन महिन्यांनी बकरी ईदला घरी आलो, तर तालमीच्या दारावर खडूने लिहिलेलं, ‘गद्दार’. वस्तादांनी सलामाचा जवाब दिला, पण नजर वर केली नाही. मी त्या रात्री अम्मीला म्हटलं, मी परत येतो. अम्मी म्हणाली, ‘आधी खेळून ये. मग काय ते ठरव.’

विभागीय स्पर्धेत समोर कोण आला असेल? तोच दोस्त. त्याच्या छातीवर नाशिक, माझ्या छातीवर धुळे. त्याला माझा प्रत्येक डाव माहीत आणि मला त्याचा. शेवटी मी पटात घुसलो आणि गुणांवर जिंकलो. खाली उतरल्यावर मला आनंद झाला नाही. कोपऱ्यात जाऊन बसलो. तेवढ्यात आमचे वस्ताद आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘जिल्हा धुळ्याचा असेल रे, पण पट आपल्या तालमीतला होता.’

रमजान शाहीनच्या गळ्यात सोनं पडलं, तेव्हा खासाव्यूर्तमधला त्याचा एखादा वस्ताद असंच काही म्हणाला असेल, असं मला आपलं वाटतं.

आपल्या राज्यात तर हे नेहमीचं आहे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा नाशिक जिल्ह्याच्या नावावर जिंकली हर्षवर्धन सदगीरने. तो मूळचा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला, आणि तयार झाला पुण्यात. फायनलला समोर होता लातूरचा शैलेश शेळके, तोही काका पवारांचाच चेला. कोणी हर्षवर्धनला गद्दार म्हटलं? नाही. आपण नाशिककरांनी त्याला खांद्यावर घेतलं. जिल्हा बदलला तर चालतं. देश बदलला की मात्र आपण एकदम न्यायाधीश होतो.

देश बदलणं आणि जिल्हा बदलणं सारखंच आहे असं मी म्हणत नाही. ऑलिम्पिक चार्टरनुसार एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्याकडून खेळण्याआधी तीन वर्षं थांबावं लागतं. आधीच्या देशाने मान्यता दिली तरच ही मुदत कमी होऊ शकते. हा नियम मला योग्य वाटतो. नाहीतर श्रीमंत देश बाजारातून पदकं विकत घेतील, आणि तिथल्या एखाद्या गरीब पोराची जागा बाहेरून आलेला घेईल. त्या पोराचाही विचार आपण करायला हवा.

आणि जाणारा नेहमी राजीखुशीने जातो असंही नाही. नईम सुलेमानोग्लूचं नाव ऐका. वजन उचलणारा, बुटका, जगात त्याच्या तोडीचा नव्हता. बल्गेरियातला तुर्की मुसलमान. १९८० च्या दशकात तिथल्या सरकारने तुर्की मुसलमानांची नावं जबरदस्तीने बदलली. नईमचं झालं नाउम शालामानोव. १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला असताना त्याने तुर्कस्तानचा आसरा घेतला. १९८८ ला सोल ऑलिम्पिकमध्ये त्याने तुर्कस्तानकडून सोनं घेतलं, स्वतःच्या नावाने. देशाने त्याचं नाव काढून घेतलं होतं. मग कोणी कोणाला सोडलं?

या गोष्टीचं पुढचं पान मला फार आवडतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच बल्गेरियाला ८६ किलो फ्रीस्टाइलचं सोनं कोणी मिळवून दिलं? मॅगोमेद रमजानोवने. दागेस्तानचा पोरगा, नाव मोहम्मद आणि आडनाव रमजानवरून.  त्याच पॅरिसमध्ये ७४ किलोचं सोनं उझबेकिस्तानच्या रझामबेक झामालोवने आणि ९७ किलोचं बहारीनच्या अहमद ताझुदिनोवने घेतलं. दोघंही दागेस्तानचे. फ्रीस्टाइलच्या सहा सुवर्णांपैकी तीन त्या एका डोंगराळ मुलखातली, तीन वेगवेगळ्या देशांच्या नावावर.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी मी आज इथे उभा आहे.

१२ ऑगस्ट २०१२, रविवार. लंडन ऑलिम्पिक. आपल्याकडे रमजानचा महिना, मला रोजा होता. एका दोस्ताच्या दुकानात टीव्ही लावला होता, दहा-पंधरा जण जमलेले. ६६ किलो, सुशीलची पहिलीच कुस्ती. समोर रमजान शाहीन, आधीच्या ऑलिम्पिकचा विजेता. शेजारचा एक ओळखीचा माणूस माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘सर, आज तुमची पंचाईत आहे. एकीकडे सुशील, एकीकडे रमजान!’

माणूस वाईट नव्हता. पण दुकानातली सगळी माझ्याकडे बघायला लागली. चार वर्षांपूर्वी बीजिंगच्या त्या कुस्तीनंतर बरोबर ४० दिवसांनी, २९ सप्टेंबर २००८ ला, भिक्कू चौकात स्फोट झाला होता आणि आपली सहा माणसं गेली होती. त्याआधी २००६ च्या स्फोटात मेले आपलेच लोक आणि पकडली गेली आपलीच पोरं. त्यांना दोषमुक्त व्हायला २०१६ चा एप्रिल उजाडला. ज्या गावाने हे सोसलंय, तिथल्या माणसाला ‘आज कोणाकडून?’ हा साधा प्रश्न उरत नाही.

मी त्याला म्हटलं, ‘मी सुशीलकडून आहे. पण तू हे मला विचारलंस, इथे बसलेल्या बाकी कोणाला का नाही विचारलंस?’ तो गप्प झाला. मग कुस्ती सुरू झाली आणि सगळे ओरडायला लागले. चुरशीची झाली. सुशील जिंकला आणि त्या दिवशी फायनलपर्यंत जाऊन चांदी घेऊन आला. मी इतका ओरडलो की घसा सुकला, आणि इफ्तारला अजून बराच वेळ होता.

पण खरं सांगतो, रमजान मॅटवरून उतरला तेव्हा त्याच्यासाठीही जीव थोडा तुटला. जगज्जेता, ऑलिम्पिक विजेता, पहिल्याच फेरीत हरला आणि पदकाविना परतला. गाव सोडून आलेल्या माणसाचं हरणं वेगळं असतं. जिंकला तर तो त्यांचा, हरला तर तो बाहेरचा. मला धुळ्यात हे कळलं होतं.

हे दोन्ही माझ्या छातीत एकाच वेळी होतं. सुशीलसाठी टाळ्या आणि रमजानसाठी हळहळ. यात माझ्या देशाचं काही कमी झालं नाही. मित्रांनो, तुम्हालाही हे दोन्ही वाटू शकतं. एखादा चेचेन किंवा तुर्की पैलवान आवडला तर लपवू नका, आणि तो मुसलमान आहे एवढ्याचसाठी त्याला डोक्यावरही घेऊ नका. त्याची कुस्ती बघा. त्याचा पट बघा. आणि कोणी परीक्षा घ्यायला आलं, तर उत्तर द्या, पण पेपर कोण काढतो हेही विचारा. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एका घरातल्या तीन शेख भावांनी, इस्माईलने १९८० मध्ये, अप्पालालने १९९२ मध्ये आणि मुन्नालालने २००२ मध्ये, महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. ती गदा उचलताना त्यांना कोणतं प्रमाणपत्र दाखवावं लागलं नव्हतं.

शेवटची गोष्ट खाशाबांची. १९५२ ला हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळायला हवी, हे सांगायला मॅटजवळ भारताचा एकही अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यावर थांबले. इशीला सोनं मिळालं, रशीदला चांदी. घरी परतले तेव्हा कराडला स्वागताला १५१ बैलगाड्या आल्या होत्या.

खाशाबा देश सोडून गेले नाहीत. पण त्यांना इथे धरून ठेवलं ते कोणी? गहाण पडलेल्या त्या घराने आणि त्या बैलगाड्यांनी. खेळाडूच्या पाठीशी माणसं उभी असली की तो सहसा जात नाही, आणि गेलाच तरी पुन्हा दारात येतो.

म्हणून माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. आपल्या गावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरं आहेत, पोरीही आहेत, ज्यांच्या अंगात कस आहे. त्यांच्यासाठी एक मॅट, एक बल्ब, रोजचं अर्धा लिटर दूध आणि निवड चाचणीला सोबत जाणारा एक शिकलेला माणूस, एवढं आपण मोहल्ल्याच्या वर्गणीतून करू शकतो. चाचणीला जाताना नियमांचं पुस्तक बरोबर ठेवा. अन्याय वाटला तर लेखी अर्ज करा, पोच घ्या. मैदानाजवळ आपला माणूस उभा असला की किती फरक पडतो, ते हेलसिंकीने शिकवलंय.

आमच्या तालमीच्या दारावरचा तो खडू वस्तादांनी स्वतः पुसला होता. हे मला फार वर्षांनी, त्यांच्या जनाजाच्या दिवशी, माझ्या त्याच दोस्ताने सांगितलं. लिहिलं कोणी होतं, ते मी त्याला विचारलं नाही. आता त्याचा नातू माझ्याकडे शिकतो. गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा नीट पटात घुसला.